मंदगती लिम्फोमाचा पुनरुद्भव आणि संयुक्त उपचार : औषधांची बेरीज व पुराव्याची कसोटी

गोषवारा

मंदगती लिम्फोमा हा दीर्घकाळ चालणारा, पुन्हा पुन्हा उद्भवणारा रक्तकर्करोग आहे. त्याच्या पुनरुद्भवात प्रचलित केमोइम्युनोथेरपीला नव्या लक्ष्यवेधी औषधांची जोड दिल्यास रोग अधिक काळ आटोक्यात राहील, अशी अपेक्षा गेल्या दीड दशकात व्यक्त झाली. मोठ्या यादृच्छिक चाचण्यांनी मात्र या अपेक्षेला पुरेसा आधार दिलेला नाही. प्रस्तुत लेखात सेलीन, क्रोनॉस-४, कॉन्ट्राल्टो, गॅडोलिन, ऑगमेंट, रोझवुड व इनमाइंड या प्रमुख चाचण्यांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. रसायनोपचाराच्या पायावर तिसरे औषध रचण्याचे प्रयत्न का अयशस्वी ठरले, तर रसायनविरहित संयोग का यशस्वी दिसतात, आणि त्या यशाचेही मूल्यमापन कोणत्या मर्यादेत करावे, याचा शोध हा लेखाचा हेतू आहे.

बीजशब्द : मंदगती लिम्फोमा, फॉलिक्युलर लिम्फोमा, केमोइम्युनोथेरपी, लक्ष्यवेधी औषधे, रोगवाढमुक्त कालावधी, तुलना-गट.

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्रात एखादे औषध गुणकारी ठरले आणि दुसरेही गुणकारी ठरले, की दोहोंचा एकत्रित वापर अधिक गुणकारी ठरेल असे मानण्याकडे मनाचा स्वाभाविक कल असतो. कर्करोगाच्या उपचारांत या विचाराला इतिहासाचाही पाठिंबा आहे. बालकांमधील तीव्र रक्तकर्करोग व हॉजकिन लिम्फोमा हे आजार एकेका औषधाने नव्हे, तर अनेक औषधांच्या संयोगानेच बरे होऊ लागले. त्यामुळे संयोग म्हणजे प्रगती, हे समीकरण कर्करोगशास्त्रात दृढ झाले.

तथापि हे समीकरण ज्या आजारांत सिद्ध झाले ते वेगाने वाढणारे व पूर्ण बरे होऊ शकणारे आजार होते. मंदगती लिम्फोमाचे स्वरूप याहून भिन्न आहे. हा आजार सहसा समूळ नष्ट होत नाही. मात्र अनेक रुग्ण त्याच्यासह दीड-दोन दशकेही जगतात. अशा आजारात उपचाराची तीव्रता वाढवताना काय मिळवले याबरोबरच काय गमावले, याचाही हिशेब मांडावा लागतो. तो किती काटेकोरपणे मांडला गेला, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

रोगाचे स्वरूप व उपचाराचा पाया

मंदगती नॉन-हॉजकिन लिम्फोमा ही अनेक आजारांना सामावून घेणारी संज्ञा आहे. फॉलिक्युलर लिम्फोमा हा त्यांतील प्रमुख प्रकार असून, मार्जिनल झोन लिम्फोमा, स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा व वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया हे अन्य प्रकार होत. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत १४ व १८ या गुणसूत्रांच्या भागांची अदलाबदल होऊन बीसीएल-२ हे प्रथिन अवाजवी प्रमाणात तयार होते. हे प्रथिन पेशीचा नैसर्गिक मृत्यू रोखते. पेशी भराभर वाढतात म्हणून नव्हे, तर त्या वेळेवर मरत नाहीत म्हणून गाठी वाढतात. आजाराच्या मंदगतीचे आणि त्याच्या चिवटपणाचेही हे एक कारण आहे.

या आजाराच्या उपचारात नोव्हेंबर १९९७ हा निर्णायक टप्पा मानला जातो. त्या महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुनरुद्भवित मंदगती लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला मान्यता दिली. बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-२० या प्रथिनाला चिकटून हे औषध रुग्णाच्याच प्रतिकार यंत्रणेकडून त्या पेशींचा नाश घडवते. पुढे रसायनोपचार व प्रतिपिंड यांचा एकत्रित वापर, म्हणजेच केमोइम्युनोथेरपी, हा उपचाराचा पाया ठरला. १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीत तयार झालेले बेंडामस्टिन हे औषध रिटुक्सिमॅबसोबत देणे, किंवा चॉप या जुन्या चार औषधांच्या संचाला रिटुक्सिमॅब जोडणे, या दोन पद्धती सर्वाधिक रूढ झाल्या.

पुनरुद्भवाचे सर्व रुग्ण मात्र एका पातळीवर नसतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अमेरिकी अभ्यासात, आर-चॉप उपचारानंतर दोन वर्षांच्या आत रोग परतलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर सुमारे ५० टक्के हयात होते. ज्यांचा रोग इतक्या लवकर परतला नाही त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. पुनरुद्भव हा एकच शब्द दोन अत्यंत वेगळ्या भवितव्यांसाठी वापरला जातो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

संयोगामागील तर्क

लक्ष्यवेधी औषधांची कल्पना बी-पेशीच्या अंतर्गत संदेशवहनावर आधारलेली आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक-प्रथिनाकडून निघालेला जगण्याचा व वाढण्याचा संदेश बीटीके, पीआय३के इत्यादी किनेज विकरांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत पोहोचतो. इब्रुटिनिब हे औषध बीटीके विकराला, तर आयडेलालिसिब, कोपानलिसिब, ड्युव्हेलिसिब व अम्ब्रालिसिब ही औषधे पीआय३के विकराला रोखतात. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध थेट बीसीएल-२ प्रथिनावर काम करते.

रसायनोपचार पेशीच्या डीएनएला इजा करतो, प्रतिपिंड पेशीला बाहेरून लक्ष्य करतो आणि लक्ष्यवेधी औषध जगण्याचा संदेश तोडते. तिघांच्या कार्यपद्धती भिन्न असल्याने त्यांचा परिणाम एकमेकांत मिळवला जाईल, हा तर्क कागदावर निर्दोष होता. त्याला शेजारच्या आजारातून पुष्टीही मिळाली. दीर्घकालीन लिम्फोसायटिक रक्तकर्करोग व स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमाच्या ५७८ रुग्णांवरील हेलिऑस चाचणीत बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅबला इब्रुटिनिबची जोड दिल्यावर रोगवाढ किंवा मृत्यूचे जोखीम-गुणोत्तर ०.२०३ इतके खाली आले. हे यश असाधारण होते.

परंतु एका आजारातील यश दुसऱ्या आजारात जसेच्या तसे उतरेल, हे गृहीतक येथे तपासले जाणे आवश्यक होते. दीर्घकालीन लिम्फोसायटिक रक्तकर्करोगात इब्रुटिनिब एकटेही अत्यंत प्रभावी आहे. फॉलिक्युलर लिम्फोमात तसे नाही. पूर्वी उपचार घेतलेल्या ११० रुग्णांवरील डॉन चाचणीत एकट्या इब्रुटिनिबला केवळ २०.९ टक्के रुग्णांत प्रतिसाद मिळाला व चाचणीचे प्रमुख उद्दिष्ट साध्य झाले नाही. हे निष्कर्ष २०१८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले, तेव्हा संयोगाची मोठी चाचणी आधीच सुरू झालेली होती. घटक औषधाची स्वतःची ताकद पुरती सिद्ध होण्यापूर्वी त्याचा संयोग तपासला गेला, ही या वाटचालीतील पहिली त्रुटी म्हणावी लागते.

सेलीन चाचणी : एका आकड्याचे दोन अर्थ

सेलीन ही पुनरुद्भवित अथवा उपचारांना दाद न देणाऱ्या फॉलिक्युलर व मार्जिनल झोन लिम्फोमाच्या ४०३ रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी होय. सर्वांना केमोइम्युनोथेरपी देण्यात आली. बहुतांश रुग्णांना बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅब मिळाले. त्यासोबत एका गटाला इब्रुटिनिब, तर दुसऱ्या गटाला प्लासिबो देण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोगवाढमुक्त कालावधीचा मध्यक इब्रुटिनिब गटात ४०.५ महिने, तर तुलना-गटात २३.८ महिने होता. जोखीम-गुणोत्तर ०.८०६ होते आणि पी-मूल्य ०.०९२२. म्हणजेच फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही.

येथे वाचकाची सहज दिशाभूल होऊ शकते. १६.७ महिन्यांचा फरक हा कोणत्याही रुग्णाला मोलाचा वाटेल. चाचणी थोडी मोठी असती तर हा फरक सिद्ध झाला असता, असाही युक्तिवाद करता येतो. परंतु मध्यक हा संपूर्ण आलेखावरील एकच बिंदू असतो. दोन आलेख मध्येच एकमेकांपासून दूर जाऊन पुढे पुन्हा जवळ आले, तर मध्यकांतील अंतर मोठे दिसते; संपूर्ण काळाचा विचार करणारे जोखीम-गुणोत्तर मात्र माफक राहते. सेलीनच्या आकड्यांतील ही विसंगती त्याच प्रकारची आहे. शिवाय सुमारे सात वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही एकूण जीवनकालात फरक आढळला नाही. तीव्र स्वरूपाच्या प्रतिकूल घटना मात्र इब्रुटिनिब गटात ८५.६ टक्के, तर तुलना-गटात ७५.४ टक्के रुग्णांत नोंदल्या गेल्या.

याच्या नेमके उलट उदाहरण २०११ मधील बोर्टेझोमिब चाचणीचे आहे. पुनरुद्भवित फॉलिक्युलर लिम्फोमाच्या ६७६ रुग्णांत रिटुक्सिमॅबला बोर्टेझोमिबची जोड दिल्यावर मध्यक ११.० वरून १२.८ महिन्यांवर गेला. पी-मूल्य ०.०३९ असल्याने हा १.८ महिन्यांचा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरला. पण व्यवहारात तो नगण्य होता आणि संशोधकांनी आधी अपेक्षिलेल्या लाभापेक्षा कमी होता. पहिल्या चाचणीत फरक मोठा दिसतो पण सिद्ध होत नाही, दुसरीत तो सिद्ध होतो पण उपयोगी पडत नाही. केवळ मध्यक पाहणे जितके अपुरे, तितकेच केवळ पी-मूल्य पाहणेही अपुरे, हा बोध या दोन चाचण्या शेजारी ठेवल्यावर होतो.

पीआय३के औषधांचा अनुभव

पीआय३के गटाचा इतिहास अधिक गंभीर आहे. अनेक उपचार निष्फळ ठरलेल्या १२५ रुग्णांत आयडेलालिसिबला ५७ टक्के प्रतिसाद मिळाला व रोगवाढमुक्त कालावधीचा मध्यक ११ महिने होता. या बळावर जुलै २०१४ मध्ये फॉलिक्युलर लिम्फोमासाठी त्याला अमेरिकेत त्वरित मान्यता मिळाली. त्वरित मान्यता ही सशर्त असते. पुढील चाचणीत प्रत्यक्ष लाभ सिद्ध करण्याचे बंधन तिच्यात अंतर्भूत आहे.

त्यानंतर हे औषध अधिक सुरुवातीच्या टप्प्यांत व संयोगांत वापरून पाहण्यात आले. मार्च २०१६ मध्ये अशा अनेक चाचण्या थांबवाव्या लागल्या. पूर्वी उपचार घेतलेल्या मंदगती लिम्फोमात बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅबसोबत आयडेलालिसिब देणारी चाचणीही त्यांत होती. आयडेलालिसिब घेणाऱ्या गटांत मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे आणि त्यांपैकी बरेच मृत्यू संसर्गाने झाल्याचे दिसून आले. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया व सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग यांबाबत विशेष सूचना युरोपीय नियामकांनी त्यानंतर दिल्या.

कोपानलिसिब हे शिरेतून, ठरावीक दिवशीच दिले जाणारे औषध असल्याने हे धोके टळतील अशी आशा होती. क्रोनॉस-३ चाचणीत ४५८ रुग्णांमध्ये रिटुक्सिमॅबला त्याची जोड दिल्यावर मध्यक १३.८ वरून २१.५ महिन्यांवर गेला, जोखीम-गुणोत्तर ०.५२ होते. पुढची पायरी म्हणजे पाचशेहून अधिक रुग्णांची क्रोनॉस-४ ही चाचणी. तिच्यात तेच औषध केमोइम्युनोथेरपीला जोडले गेले आणि रोगवाढमुक्त कालावधी वाढवण्याचे प्रमुख उद्दिष्ट साध्य झाले नाही. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्पादक कंपनी बायरने अमेरिकेतील बाजारातून औषध मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला.

या गटातील अन्य औषधांचीही हीच परिणती झाली. ड्युव्हेलिसिबचा फॉलिक्युलर लिम्फोमासाठीचा वापर डिसेंबर २०२१ मध्ये, आयडेलालिसिबचा जानेवारी २०२२ मध्ये मागे घेण्यात आला. अम्ब्रालिसिबची मान्यता जून २०२२ मध्ये रद्द झाली. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकी प्रशासनाच्या तज्ज्ञ सल्लागार समितीने या गटातील औषधांना यापुढे यादृच्छिक चाचणीच्या पुराव्यावरच मान्यता द्यावी, असे मत १६ विरुद्ध शून्य, एक सदस्य तटस्थ, असे नोंदवले. मार्जिनल झोन लिम्फोमासाठी इब्रुटिनिबला जानेवारी २०१७ मध्ये मिळालेली त्वरित मान्यताही एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत सोडून देण्यात आली.

संयोग का फसला?

या अपयशांमागे किमान तीन कारणे संभवतात.

पहिले कारण दुष्परिणामांच्या बेरजेचे आहे. बेंडामस्टिनमुळे टी-पेशींची, विशेषतः सीडी-४ पेशींची संख्या अनेक महिने घटलेली राहते. पीआय३के डेल्टा रोखणारी औषधे टी-पेशींच्या नियमनातच हस्तक्षेप करतात. यकृतदाह, आतड्याचा दाह व फुप्फुसदाह हे त्यांचे परिचित दुष्परिणाम त्यातूनच उद्भवतात. दोन औषधांच्या उपयोगी कार्यपद्धती भिन्न होत्या, पण त्यांची हानी एकाच ठिकाणी एकवटत होती.

दुसरे कारण पायाच खचण्याचे आहे. १६३ रुग्णांच्या कॉन्ट्राल्टो चाचणीत बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅबला व्हेनेटोक्लॅक्सची जोड दिल्यावर संपूर्ण चयापचयी प्रतिसाद ७५ टक्के, तर जोड नसलेल्या गटात ६९ टक्के होता. या अल्प फरकासाठी मोजलेली किंमत मोठी होती. नियोजित बेंडामस्टिनच्या किमान ९० टक्के मात्रा घेऊ शकलेल्यांचे प्रमाण जोड असलेल्या गटात ६१ टक्के, तर नसलेल्या गटात ९६ टक्के होते. तिसरे औषध सहन व्हावे म्हणून सिद्ध औषधाची मात्रा कमी करावी लागली. अशा वेळी रुग्णाला तीन औषधांची बेरीज मिळत नाही. एका औषधाच्या जागी दुसऱ्याची अदलाबदल मिळते.

तिसरे कारण औषधांच्या परस्परविरोधाचे आहे. रिटुक्सिमॅबचे कार्य बऱ्याच अंशी नैसर्गिक मारक पेशींवर अवलंबून असते. इब्रुटिनिब बीटीकेबरोबरच आयटीके हे विकरही रोखते व त्यामुळे या मारक पेशींचे कार्य मंदावते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत २०१४ मध्येच दिसून आले होते. प्रत्यक्ष रुग्णांत याचा वाटा किती, हे सेलीनवरून ठरवता येत नाही. तथापि संयोगाचा तर्क मांडताना अनुकूल निरीक्षणांना जेवढे स्थान मिळाले तेवढे या प्रतिकूल निरीक्षणाला मिळाले नाही.

जेथे संयोग यशस्वी ठरला

संयोगाची कल्पनाच चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे मात्र एकांगी ठरेल. ३५८ रुग्णांच्या ऑगमेंट चाचणीत रिटुक्सिमॅबला लेनालिडोमाइडची जोड दिल्यावर मध्यक १४.१ वरून ३९.४ महिन्यांवर गेला व मे २०१९ मध्ये या संयोगाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २१७ रुग्णांच्या रोझवुड चाचणीत ओबिनुटुझुमॅबला झानुब्रुटिनिबची जोड दिल्यावर मध्यक १०.४ वरून २८.० महिन्यांवर गेला. मार्च २०२४ मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या ५४८ रुग्णांच्या इनमाइंड चाचणीत लेनालिडोमाइड-रिटुक्सिमॅबला टाफासिटामॅब या सीडी-१९ प्रतिपिंडाची जोड दिल्यावर मध्यक १३.९ वरून २२.४ महिन्यांवर गेला व जून २०२५ मध्ये त्या संयोगाला मान्यता मिळाली. या तिन्ही संयोगांत पारंपरिक रसायनोपचार नाही.

यावरून रसायनविरहित संयोग रसायनोपचारावरील संयोगापेक्षा श्रेष्ठ आहेत, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. येथे तुलना-गटाचा प्रश्न निर्णायक ठरतो. ऑगमेंटमध्ये तुलना एकट्या रिटुक्सिमॅबशी होती, रोझवुडमध्ये एकट्या ओबिनुटुझुमॅबशी. सेलीन व क्रोनॉस-४ मध्ये मात्र तुलना पूर्ण केमोइम्युनोथेरपीशी होती. कमकुवत प्रतिस्पर्ध्याला हरवणे आणि बलवान प्रतिस्पर्ध्यापुढे कमी पडणे या दोन घटनांवरून दोन खेळाडूंची परस्पर तुलना करता येत नाही. कोपानलिसिबचा अनुभव याचा उत्तम दाखला आहे. तेच औषध एकट्या रिटुक्सिमॅबला जोडल्यावर क्रोनॉस-३ यशस्वी झाली आणि केमोइम्युनोथेरपीला जोडल्यावर क्रोनॉस-४ अयशस्वी. दोन्ही चाचण्यांत औषध एकच असले तरी ते ज्याला जोडले गेले तो उपचार बदलला होता, आणि त्यासोबत तुलनेचा मापदंडही. या दृष्टीने इनमाइंडचे महत्त्व अधिक आहे. कारण तिचा तुलना-गट हा स्वतःच एक प्रस्थापित संयोग होता.

वेगवेगळ्या चाचण्यांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यातील धोकाही येथेच दिसतो. लेनालिडोमाइड-रिटुक्सिमॅब या एकाच संयोगाचा मध्यक ऑगमेंटमध्ये ३९.४ महिने, तर इनमाइंडमध्ये १३.९ महिने आहे. औषधे तीच असूनही हा फरक पडतो. कारण रुग्णांची निवड व पाठपुराव्याचा काळ भिन्न आहे. ऑगमेंटमध्ये रिटुक्सिमॅबला दाद न देणारे रुग्ण वगळले होते, इनमाइंडमध्ये ते समाविष्ट होते.

गॅडोलिन चाचणीचा विचार या संदर्भात स्वतंत्रपणे करावा लागतो. कारण रसायनोपचाराला दिलेली जोड तेथे यशस्वी झाली. रिटुक्सिमॅबला दाद न देणाऱ्या रुग्णांत एकट्या बेंडामस्टिनच्या तुलनेत ओबिनुटुझुमॅब-बेंडामस्टिन व नंतर दोन वर्षांपर्यंत ओबिनुटुझुमॅब दिल्यावर मध्यक १४.१ वरून २५.८ महिन्यांवर गेला. एकूण जीवनकालातही लाभ दिसला. मृत्यूचे जोखीम-गुणोत्तर ०.६७ होते. संयुक्त गटात बेंडामस्टिनची मात्रा दर चौरस मीटरला ९० मिलिग्रॅम, तर एकट्याने देताना १२० मिलिग्रॅम होती. म्हणजे जोड देताना पायाची मात्रा आधीच विचारपूर्वक ठरवली गेली होती. तथापि तुलना-गटाला नंतरचा दोन वर्षांचा टिकाऊ उपचार मिळाला नव्हता. त्यामुळे लाभ सुरुवातीच्या जोडणीचा किती व पुढील उपचाराचा किती, हे या रचनेतून वेगळे काढता येत नाही.

निकषाचा प्रश्न

वरीलपैकी बहुतेक यादृच्छिक चाचण्यांत रोगवाढमुक्त कालावधी हा प्रमुख निकष आहे. मंदगती आजारात एकूण जीवनकालातील फरक दिसण्यास दहा-पंधरा वर्षे लागू शकतात. म्हणून हा निकष अपरिहार्य आहे. पण तो पुरेसा नाही. दीर्घकालीन लिम्फोसायटिक रक्तकर्करोगातील अम्ब्रालिसिबच्या चाचणीत हे ठळकपणे समोर आले. तेथे अम्ब्रालिसिब व युब्लिटुक्सिमॅब या जोडीने रोगवाढमुक्त कालावधीचा मध्यक १७.९ वरून ३१.९ महिन्यांवर नेला. तरीही मृत्यूचा धोका वाढल्याची शक्यता दिसल्याने औषधाची सर्व वापरांसाठीची मान्यता रद्द झाली. गाठ वाढली नाही याचा अर्थ रुग्ण सुरक्षित राहिला असा होत नाही.

शिवाय रोग न वाढलेला काळ रुग्णाने कसा घालवला, हे या निकषात मोजले जात नाही. क्रोनॉस-३ मध्ये गंभीर प्रतिकूल घटना कोपानलिसिब गटात ४७ टक्के, तर तुलना-गटात १८ टक्के रुग्णांत घडल्या. पुनरुद्भवानंतरही कित्येक वर्षे जगू शकणाऱ्या व्यक्तीसाठी रुग्णालयाबाहेर काढलेले महिने हेदेखील उपचाराचे फलित असते. त्याची नोंद दुय्यम तक्त्यांत राहते आणि शीर्षकात केवळ महिन्यांचा आकडा येतो, ही या साहित्याची मोठी उणीव आहे.

भारतीय संदर्भ

या चाचण्यांचे निष्कर्ष भारतात लागू करताना दोन बाबी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली बाब संसर्गाची. क्षयरोगाचा मोठा भार असलेल्या देशात टी-पेशींना दुर्बल करणाऱ्या दोन औषधांचा संयोग अधिक सावधगिरीने वापरावा लागतो. सीडी-२० प्रतिपिंडांमुळे सुप्त हिपॅटायटिस-बी पुन्हा सक्रिय होऊ शकतो. म्हणून उपचारापूर्वी त्याची तपासणी अनिवार्य मानली जाते. दुसरी बाब उपलब्धतेची. २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने रेडिटक्स हे रिटुक्सिमॅबचे समरूप औषध भारतात आणले आणि लेनालिडोमाइडही येथे अनेक वर्षे जेनेरिक स्वरूपात मिळते. त्यामुळे नव्या औषधांच्या यादीत न मिरवणारा हा संयोग भारतीय रुग्णासाठी प्रत्यक्षात आवाक्यातला ठरू शकतो. सहा महिन्यांत संपणारा उपचार आणि रोग वाढेपर्यंत रोज घ्यावयाची गोळी यांतील आर्थिक फरक परदेशी चाचणीच्या निष्कर्षांत दिसत नाही. येथील कुटुंबाला मात्र तो पहिल्याच महिन्यात जाणवतो.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) पुनरुद्भवित मंदगती लिम्फोमात केमोइम्युनोथेरपीला किनेजरोधक औषधाची जोड देण्याच्या कल्पनेला सेलीन व क्रोनॉस-४ या मोठ्या चाचण्यांनी पुष्टी दिलेली नाही. सेलीनमधील मध्यकांचे अंतर आकर्षक असले, तरी त्यावर उपचार उभारणे समर्थनीय नाही.

२) संयोगाचे यश केवळ जोडलेल्या औषधावर नव्हे, तर ते कशाला जोडले आणि तुलना कशाशी केली यावर अवलंबून असते. तुलना-गट तपासल्याविना चाचणीचा निष्कर्ष स्वीकारणे हे अपुरे वाचन होय.

३) कार्यपद्धती भिन्न असणे हा संयोगाचा पुरेसा आधार नाही. दुष्परिणामांची क्षेत्रे भिन्न आहेत काय आणि मूळ उपचाराची मात्रा टिकते काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

४) रोगवाढमुक्त कालावधीसोबत एकूण जीवनकाल, गंभीर संसर्ग व रुग्णाचे दैनंदिन जीवन यांचा विचार केल्याशिवाय लाभाचा दावा पूर्ण होत नाही.

५) लवकर पुनरुद्भव झालेले व उशिरा पुनरुद्भव झालेले रुग्ण यांचे भवितव्य भिन्न असल्याने एकाच संयोगाची शिफारस सर्वांना करणे अयोग्य आहे.

अयशस्वी चाचण्यांचेही वैद्यकशास्त्रावर ऋण असते. सेलीन व क्रोनॉस-४ या चाचण्या झाल्या नसत्या, तर प्रतिसादाच्या टक्केवारीवर मान्यता मिळालेली ही औषधे आज कदाचित रसायनोपचारासोबत सर्रास दिली गेली असती. त्या चाचण्यांत सहभागी झालेल्या रुग्णांनी पुढील रुग्णांना एका निरुपयोगी आणि काही वेळा घातक ठरणाऱ्या जोडणीपासून वाचवले आहे. मंदगती आजारात उपचार वाढवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हा अनुभव चिकित्सकाने रुग्णासमोर स्पष्टपणे मांडणे, हे त्या सहभागाचे खरे मोल ठरेल.